हायब्रिड गाडी टायर आतून खाते: वापरानंतरचा अनुभव

पुढच्या दोन्ही टायरांच्या नक्षीची खोली बाहेरच्या कडेला ५ मिलिमीटर, मध्ये साडेचार आणि आतल्या कडेला जेमतेम २. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी हायब्रिड, टायर गाडीसोबत आलेलेच. यावर सर्व्हिस सेंटरचं उत्तर: "हायब्रिडला असंच होतं, जड असते ना." हे उत्तर मला मान्य नाही आणि तुम्हीही मान्य करू नका. जास्त वजनाने टायर लवकर झिजतो हे खरं. पण एकच कड झिजते तेव्हा चाकाचा कोन बिघडलेला असतो, आणि कोन दुरुस्त करता येतो.

हायब्रिडचा स्वतःचा वाटा किती, ते आधी बघू. बॅटरी, मोटर आणि इन्व्हर्टरचं वजन असतं. प्लग-इन (बाहेरून चार्ज होणारी) असेल तर बरंच जास्त. मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण जोर देते, त्यामुळे सिग्नलवरून निघताना पेडल दाबलं की तो जोर थेट पुढच्या टायरांवर येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिजनरेशन: गाडी हळू होताना मोटर चाकांना अडवून बॅटरी चार्ज करते. साध्या गाडीत हलका ब्रेक मारला तरी थोडं काम मागची चाकं करतात. पुढच्या चाकांच्या हायब्रिडमध्ये हलक्या ब्रेकचं जवळजवळ सगळं काम मोटर करते, म्हणजे पुढचेच टायर करतात. ओढायचं त्यांनी, वळायचं त्यांनी आणि थांबवायचंही त्यांनीच. म्हणून पुढचे मागच्यांपेक्षा भराभर झिजतात, यात तक्रार करण्यासारखं काही नाही. तक्रार आहे ती वाकड्या झिजेची.

पहिले काही महिने माझा राग कंपनीने दिलेल्या टायरांवर होता. मायलेजसाठी दिलेल्या अशा टायरांची नक्षी बऱ्याचदा नव्यातच ७ मिलिमीटरच्या आसपास असते, इतरांची ८. कायदेशीर मर्यादा बहुतेक ठिकाणी १.६, म्हणजे वापरायला ६.४ ऐवजी ५.४ मिलिमीटर मिळतात, आयुष्य जवळपास १५ टक्के कमी. हा हिशोब आजही खरा आहे. पण टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) नीट लावल्यावर त्याच मॉडेलची नवी जोडी तिन्ही ठिकाणी सारखी झिजते आहे, त्यामुळे टायरबद्दलचं मत बदललं. रबर चांगलं आहे, पावसात पकड देतं, आवाज कमी करतं. दोष चाकाच्या कोनात होता.

आता टोबद्दल सविस्तर, कारण सगळं पाणी इथे मुरतं. चाक सरळ दिशेपासून फक्त ०.२ अंश वळलेलं असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे साडेतीन मीटर आडवं घासटलं जातं. दहा हजार किलोमीटरला हे ३५ किलोमीटर होतात. चाकं बाहेरच्या बाजूला उघडली असतील (टो-आउट) तर आतली कड जाते, आत मिटली असतील (टो-इन) तर बाहेरची. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) थोडा निगेटिव्ह, म्हणजे चाकाचं वरचं टोक आत झुकलेलं, असणं बऱ्याच गाड्यांत मुद्दाम ठेवलेलं असतं आणि एकट्या त्याने टायर फारसा बिघडत नाही. निगेटिव्ह कॅम्बरला टो-आउटची जोड मिळाली की मात्र आतली कड बघता बघता साफ होते.

अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन लावण्याच्या, मशीनवर आकडा हिरवा दिसला की कामगार गाडी खाली उतरवतो. पण हिरवा रंग एका मोठ्या पट्ट्याला असतो. पट्ट्याच्या टो-आउटकडच्या टोकाला आकडा असला तरी तो हिरवाच दिसतो. म्हणून कामाच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा आणि टो पट्ट्याच्या मध्यावर आणायला सांगा. डावं आणि उजवं चाक वेगवेगळं वाचा. एकूण टो बरोबर असून एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी असं सर्रास असतं, मग स्टीअरिंग तिरपं राहतं. मशीनवर चढवण्याआधी चारही टायरांत हवा भरलेली हवी, डिकी रिकामी हवी, स्टीअरिंग मध्यावर लॉक केलेलं हवं. दोन्ही टाय रॉड (स्टीअरिंगपासून चाकं वळवणारे दांडे) फिरवून काम झालं पाहिजे आणि लॉक नट पुन्हा आवळले गेले पाहिजेत. टो बदलल्यावर ज्या गाड्यांत स्टीअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणावा लागतो, तिथे तेही करून घ्या.

आणि इथेही सगळं संपत नाही. उभ्या गाडीत टो अगदी बरोबर दाखवतो, तरी आतली कड खाल्ली जाते, असंही घडतं. तेव्हा लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबर, बघा. मोटर जोर लावते तेव्हा चाक पुढे खेचलं जातं आणि बहुतेक रचनांत टो आत जातो. रिजनरेशन सुरू झालं की चाक मागे ढकललं जातं आणि टो बाहेर उघडतो. हायब्रिड ही ओढाताण दिवसभर करते, पाय पेडलवरून उचलला की लगेच. बुश घट्ट असेल तर हा फरक नगण्य राहतो. रबर चिरलं किंवा धातूपासून सुटलं की प्रत्येक वेळी गाडी हळू होताना चाक बाहेर उघडतं आणि टायर घासतो. उभ्या गाडीवर मोजणाऱ्या मशीनला हे दिसत नाही. माझ्या मते हायब्रिडच्या आतल्या कडेचं सर्वांत दुर्लक्षित कारण हेच आहे.

तपासणी सोपी आहे. गाडी पूर्ण बंद करा; इंजिनाचा आवाज नाही म्हणजे बंद असं हायब्रिडमध्ये समजू नका, 'रेडी'चा दिवा विझलेला हवा. चाक उचलून स्टँडवर घ्या. घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरून हलवा, खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा स्टीअरिंगचा रॅक. १२ आणि ६ च्या जागी खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग पहार आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म जिथे बसतो ती चौकट) मध्ये घालून हलकी उचला, बुशमधली चीर लगेच उघडी पडते. बुश बदलताना एक गोष्ट मेकॅनिककडे आग्रहाने मागा: शेवटचा बोल्ट गाडी चाकांवर उभी करून आवळायचा. लटकत्या आर्मवर आवळला तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि नवा बुश लवकर फाटतो. बुश बदलला की अलाइनमेंट पुन्हा करायची. आधी अलाइनमेंट आणि मग बुश हा उलटा क्रम पैसे दोनदा घालवतो.

मागच्या टायरांची आतली कडही बघत चला. बॅटरी बऱ्याचदा मागच्या सीटखाली किंवा डिकीत असते, त्यात सामान भरलं की स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत मागचा कॅम्बर आणखी निगेटिव्ह होतो. टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी एकच तुळई) असेल तर मागे टो किंवा कॅम्बर लावायची सोयच बहुधा नसते. आकडा मर्यादेबाहेर गेला तर हब किंवा बीम वाकला आहे का ते शोधावं लागतं.

मोजायला नक्षीची खोली सांगणारा साधा गेज पुरतो. प्रत्येक टायर आत, मध्ये आणि बाहेर असा तीन ठिकाणी मोजा. पुढच्यांसाठी स्टीअरिंग पूर्ण वळवा म्हणजे आतली कड दिसते, मागच्यांसाठी मोबाइलचा टॉर्च लावून मागून फोटो काढा. आतबाहेर १ मिलिमीटर फरक पडला की अलाइनमेंट, २ पडला की त्याच आठवड्यात सस्पेन्शन. तळहात नक्षीवरून आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने टोचत असेल तर टो बिघडलाय. हे गेजवरचा आकडा बदलायच्या आधी कळतं. आणखी एक खूण आवाजाची आहे. गाडी मोटरवर चालत असताना चाकांकडून घूं-घूं येऊ लागली तर नक्षी असमान झाली आहे. इंजिन गप्प असल्याने हायब्रिडमध्ये हा आवाज लवकर ऐकू येतो. नक्षीत जागोजागी खड्डे पडले असतील तर शॉक अब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग.

हवेबद्दल थोडक्यात. मायलेजसाठी दाराच्या पट्टीवरील आकड्यापेक्षा ५-६ पीएसआय जास्त भरायची सवय मधली नक्षी खाते, कमी हवा दोन्ही कडा खाते. हवा थंड टायरवर, महिन्यातून एकदा बघा; महिन्याला १ पीएसआयच्या आसपास ती आपोआप उतरते. हवेचा दिवा बऱ्याच गाड्यांत २० ते २५ टक्के घट झाल्यावरच लागतो, तोपर्यंत कडा झिजू लागलेल्या असतात.

रोटेशन, म्हणजे टायरांच्या जागा बदलणं, दर ८,००० किलोमीटरला: पुढचे सरळ मागे, मागचे डावे-उजवे बदलून पुढे. एकाच दिशेने फिरवायचे टायर असतील तर त्याच बाजूला पुढे-मागे. नट टॉर्क रेंचने आवळायचे आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. वाकडी झीज रोटेशनने झाकली जाते, बरी होत नाही; कोन न सुधारता फिरवलेले टायर चारही बिघडतात.

टायर बदलताना लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) मूळपेक्षा कमी घेऊ नका. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. दोनच घेतले तर नवे मागे बसवा, आणि ३ मिलिमीटरवरच बदला, कारण त्याखाली ओल्या रस्त्यावरची पकड झपाट्याने घटते. हे ३ मिलिमीटर सर्वांत झिजलेल्या कडेवर मोजायचे.