जुनी गाडी: पार्ट आधीच बदलावे की बिघडेपर्यंत थांबावं?

इंदूरच्या मराठी घरांत पुण्या-नाशिकला नातेवाईक असतातच, आणि दहा-बारा वर्षांची गाडी घेऊन निघायची वेळ आली की हा वाद होतो. कुणी म्हणतं, चालत्या गाडीला हात लावू नका. कुणी म्हणतं, सगळंच बदलून टाका. माझ्या मते निर्णय गाडीचा नसतो, एकेका पार्टचा असतो: तो एकटा जातो की सोबत दुसऱ्यालाही घेऊन जातो?

टायमिंग बेल्टचंच बघा, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा रबरी पट्टा. तुटेपर्यंत तो बहुधा काही सांगत नाही. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात, व्हॉल्व्ह वाकतात, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उतरवावा लागतो. वेळेवर बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर बदलण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ. मॅन्युअलमध्ये किलोमीटरसोबत वर्षंही दिलेली असतात. गाडी कमी चालली तरी रबर म्हातारं होतंच. तुमच्या इंजिनात चेन असेल तर ही मुदत लागू नाही, खडखड आवाज येतो का तेवढं ऐकत राहा.

कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे होज पाइपही याच रांगेत. तीसेक रुपयांचा क्लॅम्प सैल झाला, इंजिन तापलं आणि तसंच पुढे रेटलं, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील उडतं. रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी घालू नका, क्षार बसतात.

ब्रेक ऑइलकडे तर फार कमी लोक बघतात. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट-3 प्रकारचं नवं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही हमी 140 वर येते. धुळ्याच्या वाटेवर सेंधव्यापुढे बिजासन घाट आहे. भरल्या गाडीने लांब उतारावर ब्रेक तापले, ऑइल उकळलं, तर पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. साधारण दोन वर्षांनी ते बदलाच.

याउलट काचेची मोटर, हॉर्न, एसीचा ब्लोअर, सेंट्रल लॉक खुशाल बिघडू द्या. बॅटरी या दोन गटांच्या मधली: चौथ्या वर्षापासून लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घ्या, कमजोर निघाली तरच बदला.

गाडी फक्त इंदुरातल्या इंदुरात, राजवाडा-विजयनगर फिरत असेल आणि वर्षभरात विकायची असेल, तर सस्पेन्शनच्या बुशवर (रबरी जोडांवर) पैसे घालू नका. पंधरा वर्षांनंतर ठेवायची असेल, तर आरसी नूतनीकरणाआधी फिटनेस तपासणी होते, तेव्हा ब्रेक, लाइट, धूर तसेही नीट करावेच लागतील.