मक्यात चवळी, वर आच्छादन: पिंजर की उसाचा पाला?

भाताची मळणी उरकली की पाण्याची सोय असलेला माणूस मका टाकतो, दोन ओळींमध्ये चवळी. आच्छादन घालायचं ठरलं तर हाताशी वस्तू दोनच. आमच्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडे भाताची पिंजर म्हणजे पेंढा, चिकोडी-अथणीकडे उसाचा पाला. आमच्या मार्कंडेय नदीकाठाला दोन्ही मिळतात, म्हणून दोन्ही घालून बघितलं.

मक्याचं रोप सुरुवातीचे दोनेक आठवडे बियातून निघालेल्या मुळांवर तगतं. पुढे पीक पोसणारी मुळं खोडाच्या तळच्या पेरांतून फुटतात. बी जरा खोल पडलं तरी ती सुरू होतात जमिनीखाली जेमतेम दोन सेंटीमीटरवर. नेमका तेवढाच थर वाळला की नवी मुळं आत शिरत नाहीत आणि रोप वाऱ्याला डुलतं. त्यात चवळीही त्याच थरातलं पाणी ओढते.

ओल धरण्यात पिंजरीचा हात पाला धरू शकत नाही. ती मऊ, जमिनीला चिकटून बसते. तिच्याखालची रोपं उपटली तर पांढरी मुळं वरवर दाट पसरलेली. पाल्याखाली ती विरळ, पण जरा खोल गेलेली वाटली. मोजमाप केलेलं नाही, आणि हे आमच्या तांबड्या रानातलं. काळ्या रानात वेगळं दिसेल कदाचित. एवढं मात्र खरं, की पाण्याची पाळी लांबली तर वरची मुळं आधी सुकतात. ज्याचं पाणी वेळेवर येतं, त्याला पिंजर वाईट नाही.

थंडीत आच्छादनाचा थर पातळच ठेवावा, नाहीतर सकाळी जमीन तापायला उशीर होतो. दोन्हींत नत्र कमी. मातीत गाडलं तर कुजताना जमिनीतलंच नत्र ओढून घेतात आणि मका पिवळा पडतो. चवळी हवेतलं नत्र बांधते, पण रोपाच्या वयात मक्याच्या वाट्याला त्यातलं फारसं येत नाही. तेव्हा वरच पसरावं, चिमूटभर युरिया द्यावा.

माझा निर्णय झाला तो मुळांवरून नव्हे, जनावरांवरून. पिंजर म्हणजे वैरण! सुगी सरली की गावची गुरं मोकळी सुटतात. पहाटे येऊन पिंजर ओढतात, तिच्याबरोबर मक्याचं रोप येतं, चवळी तर आवडीनंच खातात. उरलेलं खुरांखाली. रात्री राखण करायची ती पिकाची की आच्छादनाची? घरातली म्हातारी माणसं वर बोलतात ते निराळंच: जनावराच्या तोंडचं मातीत घालतोस म्हणून.

पाल्यालाही खोडी आहेत. कडेनं हात कापतो, लांब पात रोपावर पडून त्याला दाबते, तण काढायचं कोळपं अडकतं. कोयत्यानं तुकडे करून, बुंध्याभोवती वीतभर जागा सोडून टाकला की बराच त्रास टळतो. वाळक्या पाल्याला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, मला तेवढं पुरतं. फक्त उसाची तोड झाल्या झाल्या ट्रॉली सांगून ठेवा. लोक पाला लगेच पेटवून देतात.