वॅव ते फ्लॅक : आवाज शाबूत राहतो, खुणा मात्र मागून घ्याव्या लागतात

कालिदास कलामंदिरातलं नाटक असो की गोदाघाटावरचं कीर्तन, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ वॅव (आवाज न दाबता साठवणारी फाइल) तासाला १.०४ जीबी खाते. २०२७च्या सिंहस्थात नाशिकमधल्या रेकॉर्डिस्टांच्या हार्ड डिस्क भराभर भरणार आहेत. अशा साठ्यासाठी झिफ.ऑर्ग या संस्थेचं, वॅव दाबून लहान फ्लॅक फाइल बनवणारं कमांड लाइनवरचं (टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारं) ‘फ्लॅक’ हे आमच्या मते सगळ्यात भरवशाचं साधन आहे. ते मोफत आहे आणि आवाजाचा एकही बिट बदलत नाही. पण ते नुसतं जसंच्या तसं चालवलं तर आवाजाखेरीज वॅवमध्ये जे असतं, ते गळून पडतं.

फील्ड रेकॉर्डर वॅवमध्ये ‘बेक्स्ट’ नावाचा चंक, म्हणजे माहितीचा वेगळा कप्पा, लिहितो. त्यात वर्णन, तारीख, वेळ आणि मध्यरात्रीपासून मोजलेली सॅम्पलसंख्या (४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं) असते. संध्याकाळी साडेसातला सुरू झालेल्या ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये ही संख्या ३,३६,९६,००,००० भरते, आणि तिच्याच आधारे कॅमेऱ्याचं चित्र आणि आवाज जुळवता येतो. रेकॉर्डिंग चालू असताना मारलेल्या मार्करच्या खुणा ‘क्यू’ चंकमध्ये जातात. साधी कमांड दिली की फ्लॅक अनोळखी चंक वगळल्याची एक ओळ दाखवतं आणि पुढे जातं. शंभर फायलींच्या बॅचमध्ये ती ओळ कोण वाचणार? ही उणीव आम्हाला गंभीर वाटते. चंक जपणं हीच मुळात सवय असायला हवी होती.

उपाय त्याच प्रोग्राममध्ये आहे. कमांडमध्ये ‘--कीप-फॉरेन-मेटाडेटा’ हा पर्याय जोडायचा (इंग्रजी अक्षरांत, सुरुवातीला दोन आडव्या रेघा). सोबत पडताळणीसाठी मोठा ‘-व्ही’ द्यायचा. मग सगळे चंक फ्लॅक फाइलच्या ‘ॲप्लिकेशन ब्लॉक’ या जादा माहितीच्या भागात जसेच्या तसे बसतात. वॅव परत काढतानाही हाच पर्याय द्यावा लागतो. तो विसरला तर चंक फ्लॅकमध्येच राहतात. काही फायलींत चंक जपलेले आणि काहींत नाहीत, अशी सरमिसळ असेल तर याच पर्यायाच्या नावाला शेवटी ‘-इफ-प्रेझेंट’ जोडावं, म्हणजे एररऐवजी फक्त सूचना येते. ही सोय १.४ आवृत्तीपासून आहे.

मर्यादाही आहेत. वॅवचे चंक एआयएफएफ या दुसऱ्या ध्वनिफाइल प्रकारात उतरत नाहीत. पाइपमधून (दुसऱ्या प्रोग्रामकडून थेट) आलेल्या आवाजावर हा पर्याय चालत नाही, प्रत्यक्ष फाइलच लागते. शिवाय जपलेले चंक प्लेअरला दिसत नाहीत, त्यामुळे कलाकार, कार्यक्रम, तारीख हे टॅग (प्लेअरला दिसणाऱ्या नोंदी) मोठा ‘-टी’ देऊन वेगळे लिहावेत.

एफएफएमपेग हा फाइल रूपांतराचा दुसरा प्रोग्राम बेक्स्टमधली माहिती वाचून टॅगमध्ये टाकतं, पण वॅव लिहिताना ‘राइट_बेक्स्ट १’ सांगितल्याशिवाय बेक्स्ट तयार करत नाही, आणि क्यूच्या खुणा परत येत नाहीत. एमपीथ्री काढायला ते उत्तम, मूळ प्रत जपायला नाही.

मूळ वॅव पुसण्याआधी एक फाइल फ्लॅक करून परत वॅव करा आणि मूळ आणि परत काढलेल्या वॅवचा शा-२५६ चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) ताडून बघा. फ्लॅकच्या आतला एमडी५ हा तसाच चेकसम फक्त आवाजाची हमी देतो, चंकची नाही. नंतर टॅग साफ करताना ‘मेटाफ्लॅक’ या फ्लॅकसोबतच्या प्रोग्रामचा ‘--रिमूव्ह-ऑल’ वापरू नका. तो टॅगसोबत जपलेले चंकही पुसून टाकतो.