यावलच्या काकूंचं कच्च्या केळीचं पीठ: आठ महिने वापरून

माझं माहेर अमळनेरचं, सासर यावल तालुक्यात आणि नवऱ्याची नोकरी नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला. लेक पाच महिन्यांची झाली तेव्हा, मागच्या मे महिन्यात, तिला घेऊन मी तिकडे गेले. आता ती चौदा महिन्यांची आहे आणि आम्ही महिनाभरासाठी घरी आलोय. मधल्या काळात तिच्या पोटात जे गेलं त्यात दुधाखालोखाल वाटा होता तो कच्च्या केळीच्या पिठाचा. यावलजवळच्या एका खेड्यातल्या काकू ते घरी करून विकतात. आपल्या भागातून पुष्कळ पोरी आता तान्हं बाळ घेऊन परदेशी जातात आणि प्रत्येकीपुढे हा प्रश्न असतोच, की बाळाला खायला काय न्यायचं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुकान असं काही नाही. घराची ओसरी, एक वजनकाटा, पत्र्याचे चार डबे आणि कोपऱ्यात घरघंटी. पाटीही नाही, गावात विचारलं की कोणीही घर दाखवतं. केळीचं पीठ २४० रुपये अर्धा किलो. नागलीचं (नाचणीचं) सत्त्व आणि भाजलेल्या मुगाचं पीठही ठेवतात, पण ते दुसरीकडेही चांगलं मिळतं. काकूंचं नाव आहे ते केळीच्या पिठासाठी.

निघायच्या आधी एप्रिलमध्ये सासूबाई मला मुद्दाम तिथे घेऊन गेल्या. "नातीच्या पोटात जाणार आहे, कसं होतं ते डोळ्यांनी बघून घे," म्हणाल्या. सकाळचे सात वाजले होते. काकू अंगणात बसलेल्या, हाताला कोपरापर्यंत तेल चोपडलेलं. कच्च्या केळीचा चीक लागला की हात काळे पडतात आणि डाग आठ-आठ दिवस निघत नाही. घडाच्या मधल्या फण्या तेवढ्या घेतलेल्या: भरलेल्या, पण पिवळेपणाची छटाही नसलेल्या. पिकायला लागलेलं केळं एखादं जरी गेलं तरी पीठ ओलावा धरतं आणि लवकर नासतं, असं त्यांनी सांगितलं. साल काढली की केळं लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यात, कारण हवा लागली की ते काळवंडतं. मग विळीवर पातळ चकत्या. त्या वर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, धुतलेल्या जुन्या सुती लुगड्यावर, एकीला एक चिकटणार नाही अशा पसरायच्या आणि धूळ-माश्यांसाठी वरून दुसरं पातळ कापड. आपल्याकडचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. पारा ४२-४३ वर असताना दोन दिवसांत चकती अशी वाळते की बोटांत धरून दाबली तर कडकन मोडते. वाकली तर ती दळायची नाही, पुन्हा उन्हात.

मी स्वतः एक मोडून पाहिली. आत पांढरीशुभ्र, कडेला किंचित करडी, वास वाळल्या गवतासारखा. सहा किलो केळीमागे साधारण किलोभर पीठ उतरतं. दळण त्याच घरघंटीत. केळी दळायच्या दिवशी तिच्यात दुसरं काही पडत नाही, आदल्या दिवशी ती पुसून घेतलेली असते. शेवटी पीठ वस्त्रगाळ करतात. गावच्या गिरणीत गव्हामागोमाग दळून आणलेलं पीठ आणि हे, यांत बाळाच्या दृष्टीने फरक आहे. ज्या घरात कोणाला गव्हाचा त्रास आहे, त्यांनी तर हे विचारूनच घ्यावं.

केळी येतात आसपासच्या शेतांतून. माझ्या सासऱ्यांच्या मळ्यातूनही येतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण व्यापारी घड पाहतो तो डागावर आणि लांबीवर. आखूड फण्या मागे राहतात आणि भाव पडला की त्यांना कोणी विचारत नाही. काकू त्या फण्या रोख पैसे देऊन घेतात. पीठ चांगलं आहेच, पण त्यांच्याकडूनच घ्यावं असं मला वाटतं त्याला हेही एक कारण आहे.

आता बाळाचं. आमच्या जळगावच्या डॉक्टरांनी सहा महिने पूर्ण होईपर्यंत अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. ते पाळलं. जूनच्या शेवटी पहिला घास आइंडहोव्हनच्या स्वयंपाकघरात भरवला. बाहेर पाऊस, खिडक्या बंद, नवरा ऑफिसात. घरातल्या मोठ्या माणसांपैकी कोणी जवळ नाही. एक सपाट चमचा पीठ, एक कप गार पाणी. गार पाण्यातच आधी नीट कालवायचं, गरम पाण्यात टाकलं की गाठी होतात आणि मग त्या जात नाहीत. मंद आचेवर सहा-सात मिनिटं सतत ढवळायचं. सुरुवातीला पांढुरकं दिसतं, मग एका क्षणी ते काचेसारखं नितळ होतं आणि पळी ओढली की मागे रेघ राहते. तेव्हा झालं. मीठ नाही, साखर नाही. वर्षाच्या आत मध तर अजिबात नाही, घरात कोणी कितीही आग्रह केला तरी.

तिने पहिला चमचा जिभेने बाहेर ढकलला, दुसराही. तिसऱ्याला तोंड उघडलं आणि माझ्या मनगटाला धरून चमचा स्वतःकडे ओढला. मी तशीच आईला फोन लावला. आईने पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "पोरले भूक लागनी शे, दे तिले." मला रडू आलं. दोन महिन्यांत घरचं कोणी असं समोर बसून काही बोललं नव्हतं.

तिकडे बाळांच्या तपासणीची केंद्रं असतात. वजन, उंची, लस, सगळं तिथे. तिथली नर्स फार समजूतदार होती. 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब रोज १० मायक्रोग्रॅम, चार वर्षांची होईपर्यंत, हे तिने पहिल्याच भेटीत सांगितलं. त्या देशात ऊनच कमी. मी पिठाची पिशवी दाखवली तर तिचे दोनच प्रश्न होते: यात साखर आहे का, आणि लोह कुठून मिळणार? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे होतं. दुसरा प्रश्न तिचा बरोबर होता. सहा महिन्यांनंतर बाळाला अन्नातून लोह मिळावं लागतं आणि केळीच्या पिठात ते फारसं नसतं. म्हणून भरवायला लागल्याच्या नवव्या आठवड्यापासून मी प्रमाण बदललं: एक वाटा केळी, एक वाटा नागली, एक वाटा भाजलेला मूग. शिजल्यावर वर दोन थेंब लिंबू, म्हणजे लोह अंगी लागायला मदत होते. केवळ केळीच्या पिठावर बाळ ठेवू नका, हे मी काकूंनाही सांगितलंय आणि आता त्या गिऱ्हाइकाला तसं सांगतात.

दुसरी अडचण त्याआधीच, भरवायला लागल्याच्या तिसऱ्या आठवड्यात आली होती. उत्साहाने मी दोन वेळा द्यायला लागले आणि लेकीला शौचाला घट्ट व्हायला लागलं. चेहरा लाल करून कुंथायची, बघवत नव्हतं. दिवसातून एकदाच, आणि खिमट जास्त पातळ, असं केल्यावर चार दिवसांत ठीक झालं. पोट मुळातच घट्ट असणाऱ्या बाळांना हे पीठ जपून द्या.

ऑगस्टमध्ये वाटलं, संपल्यावर काय? म्हणून स्वतः करून पाहिलं. सुपरमार्केटमध्ये केळी मिळतात ती दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून आलेली, पिकवलेली. हिरवी मिळतात टोकोमध्ये, म्हणजे सुरिनामी आणि इंडोनेशियन किराणा दुकानात. ओव्हनमध्ये ७० अंशांवर सात तास ठेवली. चकत्या तपकिरी झाल्या, वास आंबूस आला. फेकून दिल्या. पण त्या टोकोच्या मालकीणबाईंशी ओळख झाली. त्यांचे पूर्वज १८७३ नंतर बिहारकडून मजूर म्हणून सुरिनामला गेलेले. त्यांनी फळीवरून एक पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं: गोंगोते. वाळवलेल्या हिरव्या केळीचं पीठ! सुरिनाममध्ये बाळाला याचीच पेज देतात. मी तिथेच उभी राहून पिशवीतला मोबाईल काढला आणि त्यांना काकूंच्या धाब्याचा फोटो दाखवला. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, तरी पंधरा मिनिटं बोलत होतो.

ते पाकीट मी घेतलं आणि दोन्ही शेजारी शेजारी शिजवून पाहिली. गोंगोते रंगाने गडद, दळण जाडसर, चव जास्त उग्र. अडीअडचणीला उत्तम. पण लेकीने वाटी संपवली ती यावलच्या पिठाची. वस्त्रगाळ केल्याचा फरक जिभेला कळतो, आठ महिन्यांच्या बाळालाही.

तक्रारीची जागाही आहे. पहिल्या खेपेला पिशव्या साध्या प्लास्टिकच्या होत्या, वर पेनाने फक्त "केळी" लिहिलेलं. पांढरट पीठ, बिनलेबलाची पिशवी! एका विमानतळावर तपासणीत बॅग उघडली, बाळ कडेवर रडतंय आणि मी चार माणसांना पीठ म्हणजे काय ते समजावतेय. अर्धा तास गेला. त्यांचं काही चुकलं नाही, पण असा माल न्यायचा तर पाकीट सीलबंद हवं आणि त्यावर इंग्रजीत नाव, घटक, दळल्याची तारीख छापलेली हवी. ऑक्टोबरमध्ये एका कुरिअरने किलोभर मागवलं, तेव्हा तर पिठाच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे गेले आणि एकोणीस दिवसांनी पार्सल आलं ते एका कोपऱ्यात फाटून. पाव किलो खोक्यातच सांडलेलं. कुरिअरच्या भरवशावर राहू नका. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवा.

काय नेता येतं तेही सांगते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. साजूक तूप त्यातच मोडतं. सासूबाईंनी कढवलेली तुपाची बरणी मी निघायच्या आदल्या रात्री बॅगेतून काढली, तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. (तिकडे बिनमिठाचं लोणी मिळतं, ते कढवलं की चांगलं तूप होतं. तेच लेकीच्या खिमटात जातं.) बाळाच्या दुधाच्या पावडरीला आणि दुधाच्या तयार आहाराला माणशी दोन किलोपर्यंत सूट आहे, पण ती बंद पाकिटातल्या, कंपनीच्या छापील मालाला. केळीच्या पिठात दूध नाही, त्यामुळे ते या बंदीत येत नाही. त्यात दूध पावडर मिसळून देतो असं कोणी म्हणालं तर घेऊ नका. आणखी एक: ताज्या फळांना तिकडे रोगमुक्तीचा दाखला लागतो, फक्त पाच फळांना लागत नाही. अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि आपलं केळं. हे सासऱ्यांना सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

टिकण्याचं म्हणाल तर, मे महिन्यात नेलेलं पीठ मी काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवलं आणि चार महिने त्याला वास किंवा जाळी काही आली नाही. एकदा कोरड्या चमच्याऐवजी ओला चमचा गेला, तेवढ्या भागात गुठळी झाली, ती काढून टाकली.

या आठवड्यात पुन्हा काकूंकडे गेलो. लेक ओसरीवर रांगत थेट घरघंटीकडे निघाली. काकूंनी तिला उचललं, दंड दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "भरलीये." मग मी पाकिटांचं बोलले. त्यांच्या मुलाने भुसावळहून सील करायचं छोटं यंत्र आणलंय, लेबलं छापायला टाकलीत, घटकांत एकच शब्द आहे. फेब्रुवारीच्या या पिठाला त्या "कोवळ्या उन्हाचं" म्हणतात आणि लांबच्या प्रवासाला देत नाहीत. मी एप्रिलमध्ये वाळणाऱ्या मालातलं दोन किलो सांगून ठेवलंय. मे मध्ये नणंद तिकडे येणार आहे, तिच्या बॅगेत येईल.