ठरलेले डेस्कटॉप की आपोआप वाढणारे?

आर्वीकडच्या एखाद्या गावातल्या सेवा केंद्रात एकाच संगणकावर सातबारा, पीकविम्याचा फॉर्म, स्कॅन केलेलं आधार, पासबुक असं सगळं एकदम उघडं असतं. समोरचा शेतकरी विचारतो, "भाऊ, माहा फॉर्म कुठी गेला?" व्हर्च्युअल डेस्कटॉपची, म्हणजे एकाच पडद्यावर खिडक्या वेगवेगळ्या ठेवायच्या स्वतंत्र जागांची, खरी गरज इथे आहे. प्रश्न आहे तो कोणत्या पद्धतीचे घ्यायचे हा.

लिनक्स या संगणक प्रणालीवर पडद्यावरच्या खिडक्या आणि मेनू सांभाळणारं ग्नोम नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्यात २०११ पासून ते आपोआप वाढतात. शेवटी एक रिकामा कायम तयार असतो. सेटिंगला हात लावावा लागत नाही, हे नवख्याला फार सोयीचं. पण मधल्या डेस्कटॉपवरची शेवटची खिडकी बंद करून दुसरीकडे गेलं, की तो नाहीसा होतो आणि पुढचे सगळे एक जागा मागे सरकतात. सकाळी तिसऱ्यावर असलेला पीकविमा दुपारी दुसऱ्यावर सापडतो!

एक्सएफसीई या लिनक्सवरच्याच तशा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डेस्कटॉपची संख्या आणि नावं आपण ठरवायची. 'सातबारा', 'पीकविमा', 'स्कॅन' अशी नावं द्या. पॅनलवर, म्हणजे पडद्याच्या कडेच्या पट्टीवर, त्यांची बटणंही दिसू शकतात. कंट्रोल आणि एफ२ दाबलं की दुसराच डेस्कटॉप येतो, तो रिकामा असला तरी. बोटांना जागा पाठ होते. दुपारून दुसरा मुलगा खुर्चीवर बसला तरी त्याला विचारावं लागत नाही.

जिथे एक संगणक दोघं-तिघं वापरतात, तिथे मी ठरलेलेच डेस्कटॉप लावेन. घरी एकट्याला वापरायचा असेल तर वाढणारे चालतील. ग्नोमच सवयीचा असेल, तर त्याच्या 'मल्टिटास्किंग' सेटिंगमध्येही संख्या कायम करता येते.