खजुराची वडी की डिंकाचे लाडू?

भुसावळची मावसबहीण विचारत होती, लेकाला हॉस्टेलवर काय बांधून देऊ? दोन्ही मी दर हिवाळ्यात करते, म्हणून सांगते.

मेहनतीत वडी सोपी. पाव किलो बिनबियांचा मऊ खजूर, दीड वाटी भाजून भरडलेले काजू, बदाम, शेंगदाणे आणि दोन चमचे तूप. खजूर मंद आचेवर परतायचा, कडा सोडून गोळा झाला की मेवा घालून मळायचं, खसखशीत लोळवून कापायचं. अर्ध्या तासात काम उरकतं. डिंकाला मात्र अख्खी दुपार जाते. खारीक फोडा, कुटा, खोबरं किसून भाजा, डिंक थोडा थोडा तळा. खडा मोठा राहिला तर वरून फुलतो, आत कच्चा. मग दाताला चिकटतो. माझा एक घाणा असाच वाया गेला.

खर्चात बदाम-काजूच खिसा कापतात. वडीत निम्मे शेंगदाणे घाला, चव बिघडत नाही. डिंकाला तूपही सढळ लागतं.

थंडीत दोन्ही टिकतात. पण आपल्याकडे मार्च लागला की लाडवाचं तूप सुटतं, खोबरं खवट होतं. वडी मऊ पडते, पण फ्रीजमध्ये सावरते.

आणि वडीत साखर घालत नाही म्हणून मधुमेहवाल्यांनी हात सैल सोडू नये, खजूरच गोड असतो.

हॉस्टेलच्या पोराला वडी, पंधरा दिवसांपुरतीच. बाळंतिणीला आणि पहाटे हरभऱ्याला पाणी भरायला जाणाऱ्याला डिंकाचेच लाडू.