घरगुती मीट स्लायसरच्या खरेदीत झालेली फसवणूक

भाजलेल्या मांसाचे पातळ आणि एकसारख्या जाडीचे काप घरीच करता यावेत, म्हणून मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मीट स्लायसर मागवला. संपूर्ण धातूचे यंत्र, मोठे पाते, जोरदार मोटर आणि गोठवलेले मांसही सहज कापण्याची क्षमता, असे सारे जाहिरातीत ठळकपणे लिहिले होते. त्यातली एकही गोष्ट जशी भासवली तशी निघाली नाही, आणि ही फसवणूक इतक्या पद्धतशीरपणे रचलेली होती की ती सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

जाहिरातीतल्या छायाचित्रात पात्याशेजारीच 25 सेंटिमीटर असा आकडा छापलेला होता. प्रत्यक्षात पाते 19 सेंटिमीटरचे निघाले, आणि विचारणा केल्यावर तो आकडा सरकत्या ट्रेच्या लांबीचा असल्याचे उत्तर मिळाले. हा फरक किरकोळ नाही, कारण पात्याचा काही भाग ट्रे आणि आवरणाआड जात असल्यामुळे कापाची उंची मुळातच व्यासापेक्षा बरीच कमी असते. ‘धातूचा’ म्हणवलेला सांगाडा चंदेरी रंग दिलेल्या प्लास्टिकचा होता. जाडी ठरवणारी पट्टीही तशीच लवचिक असल्याने मांस दाबताच ती मागे झुकत असे, आणि प्रत्येक काप एका कडेला जाड व दुसऱ्या कडेला पातळ निघत असे.

मोटरच्या बाबतीत तर उघड दिशाभूल होती. जाहिरातीतले वॅट हे मोटर क्षणभर घेऊ शकेल अशा कमाल शक्तीचे होते. यंत्राच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर त्याहून बराच लहान आकडा आणि सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ न चालवण्याची सूचना होती. घरगुती स्लायसरला अशी वेळेची मर्यादा असणे गैर नाही, परंतु ती खरेदीपूर्वी दडवणे निश्चितच गैर आहे. माहितीपुस्तिकेत तर गोठवलेले मांस आणि हाडे कापल्यास वॉरंटी रद्द होईल असे बारीक अक्षरांत छापले होते. दगडासारखे गोठलेले मांस पाते अडवते आणि सारा ताण प्लास्टिकच्या गिअरच्या दात्यांवर येतो, हे निर्मात्याला पक्के ठाऊक होते. जाहिरातीत मात्र त्याच कामाची हमी दिली होती. (किंचित गोठवून घट्ट केलेले मांस चांगले कापले जाते हे खरे, पण ती गोष्ट वेगळी.)

मला सर्वांत संतापजनक वाटला तो परताव्याचा नियम. यंत्राचा अन्नाशी संपर्क आल्यामुळे स्वच्छतेच्या कारणास्तव ते परत घेता येणार नाही, असे विक्रेत्याने कळवले. मांस कापून पाहिल्याशिवाय दोष कळत नाही आणि कापून पाहिले की परताव्याचा हक्क जातो, अशी ही कोंडी आहे. ज्याने स्वच्छतेचे कारण पुढे केले, त्याच्या यंत्राचे पाते धुण्यासाठी सुटे करण्याची सोय मात्र नव्हती. पात्यामागे मांसाचा रस साचून राहतो, आणि लिस्टेरियासारखे जिवाणू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतात. त्यामुळे घरात लहान मुले, वृद्ध किंवा गरोदर स्त्री असेल तर असे यंत्र वापरणे धोक्याचे आहे.

जाहिरातीखालचे ग्राहकांचे अभिप्राय मी नंतर सर्वांत जुन्यापासून क्रमाने वाचत गेलो, तेव्हा सुरुवातीचे कित्येक अभिप्राय मिक्सरच्या भांड्याबद्दलचे निघाले. जुन्या वस्तूचे पान तसेच ठेवून त्यावर नवी वस्तू चढवली होती आणि तिला जुने गुणांकन आयते मिळाले होते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी यंत्राच्या तळावरील पट्टीचे छायाचित्र मागवा, पात्याचा व्यास आणि पाते सुटे होते की नाही हे लेखी विचारा, आणि जाहिरातीचे संपूर्ण पान जतन करून ठेवा. माझी तक्रार पोहोचताच विक्रेत्याने जाहिरातीतला मजकूर बदलला. आधी जतन केलेल्या छायाचित्रांच्या आधारेच बँकेने माझा दावा ग्राह्य धरला आणि रक्कम परत मिळवून दिली.